निशाणाच्या पुढं कुणी जायचं न्हाई

वैशाखात परभणीकडे जाऊन आले, असं म्हटलं की पुण्यातली माणसं आधी माझ्या रापलेल्या तोंडाकडे बघतात आणि मग विचारतात, "कशाला?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन मी कंटाळले आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मी संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकवते. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत नवा ट्रॅक्टर आणि नांगर चालवून बघायला पोलंडहून एक इंजिनिअर येणार होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि पोलिश जाणणारं माणूस आपल्याकडे मिळेना. पोलंडातल्या मुलांना शाळेत रशियन शिकावंच लागतं, हे कुणाला तरी आठवलं आणि मला बोलावणं आलं. घरच्यांनी छत्री, लिंबाचं लोणचं आणि भरपूर सूचना बरोबर दिल्या. त्यातलं लोणचं तेवढं उपयोगी पडलं.

परभणी

इंजिनिअरचं नाव मारेक. ताडमाड उंच, चाळिशीचा, केस गव्हाच्या काडासारखे आणि कातडी पहिल्याच दिवशी भाजून लाल झालेली. रशियन तो उत्तम बोलायचा, पण काढा घेतल्यासारखं तोंड करून. "ही भाषा मला येते," त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, "पण आवडते असं समजू नका." मी म्हटलं, माझ्या विद्यार्थ्यांचंही असंच आहे. तिथून आमचं जमलं.

आमच्याबरोबर जीप आणि जीपबरोबर करीमभाई. करीमभाईंना रस्ते कमी आणि रस्त्यावरची माणसं जास्त ठाऊक. मोकळ्या रस्त्यावरही ते मधेच जीप थांबवायचे, कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण कसं झालं ते विचारायचे आणि मग पुढे निघायचे. इथली बातमी टपालाने जात नाही, करीमभाईंच्या जीपने जाते, हे मला आधीच कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी मारेक अर्ध्या चड्डीत शेतावर आला आणि उन्हात तापलेल्या ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या सीटवर ऐटीत बसला. बसला त्याच्या दुप्पट वेगाने उठला. तेव्हा तो जे बोलला ते रशियन नव्हतं, त्यामुळे मला भाषांतर करावं लागलं नाही. त्या दिवसापासून तो काखेत घडी केलेलं गोणपाट घेऊन हिंडू लागला.

जेवणाची मात्र त्याने काही काळजी करू दिली नाही. ठेचा पाहून मी त्याला सावध केलं होतं. त्याने भाकरीच्या तुकड्यावर भला मोठा गोळा घेतला, खाल्ला, नाक पुसलं आणि आणखी मागितला. त्यांच्याकडे एक मूळ किसून खातात, ते असंच थेट नाकात शिरतं म्हणे. आई गेल्यापासून तसं काही खाल्लं नव्हतं, असं तो म्हणाला. ठेच्याने एखाद्याला आई आठवावी, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

येलदरी

एक दिवस सुट्टी मिळाली म्हणून करीमभाईंनी येलदरीला नेलं. दुष्काळ नुकताच सरला होता आणि धरणाचं पाणी अजून खाली होतं. उघड्या पडलेल्या काठावर कोळ्यांच्या होड्या उपड्या पडल्या होत्या. एका कोळ्याच्या घरी ताजे मासे तळून मिळाले. मीठ, हळद, तिखट आणि गरम तवा, बस. मारेक काटेसुद्धा चोखत होता.

तो खाऊन धरणाच्या भिंतीवरून चालायला लागला तेव्हा करीमभाई त्याच्या पाठीकडे बघत राहिले. "बाई, ये साब मिलिटरी में था क्या? चलताय कैसा देखो, पीठ में लकडी डाल्या सरका."

मी विचारलं. मारेकने कान लाल करून सांगितलं की हो, कॉलेजात असताना सगळ्यांना सैन्याचं शिक्षण घ्यावं लागे आणि त्यातून तो होरॉन्झी झाला होता. हा शब्द ऐकून मी उगाच जाणकारासारखी मान हलवली.

देवगाव फाटा

परतताना करीमभाईंना सेलूकडे कुणाला तरी निरोप द्यायचा होता, म्हणून देवगाव फाट्यावरून वळसा घेतला आणि तिथेच जीपचा पट्टा तुटला. दुसरा पट्टा आणायला कुणी एक सायकलवरून गेला. तो येईपर्यंत हॉटेलच्या छपराखाली बसून चहावर चहा पिणं, एवढंच काम उरलं. अशा वेळी माणसं स्वतःबद्दल खरं बोलतात.

मी होरॉन्झीचा विषय काढला. मारेक खुलला. त्यांच्याकडे होरॉन्गेव म्हणजे निशाण. पूर्वी पोलंडात प्रत्येक मुलखाचं आपलं निशाण असे आणि ते राजाच्या सैन्यापुढे घेऊन जाणारा खानदानी माणूस तो होरॉन्झी. मोठा मान होता त्याला. मग हळूहळू निशाण राहिलं बाजूला आणि होरॉन्झी हा नुसता हुद्दा झाला. कोसॅकांनी तो शब्द घेतला, त्यांच्यात तो धाकटा अधिकारी. रशियनांनी आपला वेगळा शब्द केला, प्रापोर्शिक, त्याचाही अर्थ निशाणवालाच. क्रांतीत त्यांनी तो हुद्दा मोडून टाकला आणि आता परवा परवा पुन्हा उकरून काढला आहे.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी होतो तेव्हा होरॉन्झी म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी. जेवताना दाराजवळ बसायचं आणि उठताना सगळ्यांच्या आधी उठायचं. मी बाहेर पडल्यावर वरच्यांनी ठरवलं की होरॉन्झी हा अधिकारीच नव्हे. म्हणजे मी आता कोण, ते मला कुणी कळवलेलं नाही." त्याने कप ठेवला. "गंमत सांगू? एवढी वर्षं मी स्वतःला निशाणवाला म्हणवून घेतलं. निशाणाला कधी हात लावलेला नाही. मी ट्रकची इंजिनं शिकवायचो."

हे सगळं मी करीमभाईंना जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अलमबरदार बोलो ना बाई. सीधी बात है. इत्ता लंबा कायकू?"

मोहरमात अलम, म्हणजे निशाण, उचलणाऱ्याला इकडे केवढा मान, हे करीमभाईंना सांगायला नको. इंजिनांचा भाग मात्र त्यांनी ऐकून सोडून दिला असावा. पट्टा बसला, जीप निघाली आणि रस्त्यावरच्या प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी थांबत थांबत मारेकचा हुद्दा वाढत गेला. परभणी येईपर्यंत तो पोलंडच्या अख्ख्या लष्कराचं निशाण धरणारा झाला होता.

चुडावा

नांगराची शेवटची परीक्षा पूर्णेच्या पुढे चुडाव्याला होती. जमीन किसनराव खंदाऱ्यांची. गावात त्यांना सगळे जमादारसाहेब म्हणतात. महायुद्धात भरती होऊन ते इराकपर्यंत गेले, जमादार होऊन घरी आले आणि माजी सैनिक म्हणून सरकारने त्यांना ही माळाची जमीन दिली. तिला एवढ्या भेगा की करीमभाईंची चप्पल एकीत गेली ती परत दिसली नाही. आमचा मुक्काम जमादारसाहेबांकडेच होता.

मारेक पोलंडचा आहे हे कळल्यावर ते खाटेवरून उठून उभे राहिले. "पोलंडवाले? आमी बघितलेत की. इराकात होतो तवा रशियाच्या कैदेतनं सुटून आले होते. निस्ती हाडं राहिली होती बिचाऱ्यांची. आमच्या लंगरातली डाळ दिली त्यांना. लय तिखट होती, पर एकानंबी ताटात ठेवली न्हाई."

मी हे रशियनमध्ये सांगितलं. मारेकचा एक मामा त्या लोकांत होता. मग त्याने जमादारसाहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सोडायचं विसरला.

मग हुद्द्यांची चौकशी निघाली. आपण बाहेर पडल्यावर आपला हुद्दा काढून टाकला, हे मारेकने सांगितलं तसे जमादारसाहेब मांडीवर थाप मारून हसले. "माजंबी तेच की. मी घरी आलो आन् मागं सरकारनं जमादारच मोडला. आता त्याला नायब सुभेदार म्हणायलेत. म्हंजी आमी दोगंबी एकाच बोळात सापडलेलो." दोघं असे खूश झाले की जणू चुलतभाऊ भेटले.

मी स्वयंपाकघरात सोजरबाईंपाशी, म्हणजे जमादारसाहेबांच्या बायकोपाशी, जाऊन बसले. चुलीपुढे कामातून मिळालेल्या थोड्या वेळात त्यांनी मला घरातली खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. वस्तीतून विहारापर्यंत मिरवणूक निघते आणि पंचशीलाचं निशाण पहिल्यापासून जमादारसाहेबांच्या हातात असतं.

"पर त्यास्नी आता दिसंना गेलंय बाई," सोजरबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "मोतीबिंदू हाय दोनी डोळ्यांत. उजेड-अंधार कळतो, बास. दिवाळीच्या मागनं परभणीला क्याम्प हाय, तवा आपरेशन करायचं ठरलंय. तवर कुणाला कळू द्यायचं न्हाई."

"मग मिरवणुकीत चालतात कसे?"

सोजरबाई पदराआड हसल्या. "मी मागं मेणबत्तीचं ताट घेऊन असते. डावीकडं वळायचं आसलं की एकदा खोकते. उजवीकडं, दोनदा. पायरी आली की लांब खोकते. गुर्जीला वाटतं मला दमा हाय. अडुळशाचा काढा आणून देयलाय बिचारा."

गुर्जी म्हणजे भालेराव गुरुजी, शाळेतले शिक्षक आणि मिरवणुकीचे प्रमुख. निशाण दर वर्षी नव्या घराच्या हाती द्यावं, पाळी लावावी, असं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. माणूस न्यायाचा, त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण जमादारसाहेबांनी सगळं सोडलं होतं, शेतातलं काम, बाजार, पेपर वाचणं. निशाण एवढंच उरलं होतं. "यंदा एकदा हातातनं गेलं की परत येत न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "मग ते आपरेशनलाबी जायचे न्हाईत. कशासाटी बघू, म्हणतील."

हे ऐकून मी बाहेर आले, तर ओसरीवर भालेराव गुरुजी बसलेले. करीमभाईंची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"जमादारसाहेब, पाहुणे पोलंडच्या लष्कराचे ध्वजधारी आहेत म्हणतात. आपल्या भाग्याने पौर्णिमेलाच आलेत. उद्याचं निशाण त्यांच्या हाती द्यावं असं सगळ्यांचं मत पडलं."

जमादारसाहेबांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "द्या की," ते म्हणाले. "पाव्हण्याचा मान हाय. त्यांच्या हुद्द्यातच निशाण हाय, मी कोण मदी येणार?" स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटलं.

गुरुजींनी मला भाषांतर करायला सांगितलं. भाषांतर करणाऱ्याच्या हातात अशा वेळी केवढी सत्ता असते, ते राजेलोकांनाही ठाऊक नसेल. मी मारेकला म्हटलं, "तुम्ही उद्या निशाण धरावं असं म्हणतात. पण इथला रिवाज कडक आहे. अनवाणी चालावं लागतं, या उन्हात, या जमिनीवरून." रिवाज कसला, मी तिथल्या तिथे केला होता.

मारेक उठला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने तिथेच बूट काढले, मोजे काढले आणि बूट नीट भिंतीशी लावून ठेवले. "सांगा त्यांना," तो म्हणाला, "की मी आयुष्यभर याची वाट बघत होतो." खोटेपणाचं इतकं वाईट फळ मला आजवर मिळालेलं नाही.

विहाराकडे

सकाळी सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमली. हे मला फार देखणं वाटलं. आमच्याकडच्या मिरवणुकीत प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा उठून दिसायचं असतं, इथे सगळी माणसं धुतलेल्या कापसासारखी एकसारखी. बाप्ये पुढे, बाया मागे, आणि सगळ्यांच्या पुढे निशाण. गुरुजींनी नियम पुन्हा सांगितला, निशाणाच्या पुढं कुणी जायचं न्हाई. निशाण थांबलं की थांबायचं, चाललं की चालायचं.

जमादारसाहेबांनी आपला जुना कोट इस्त्री करून घातला होता आणि पदकं लावली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने निशाण मारेकला दिलं आणि त्याच्या मागे दोन पावलांवर उभे राहिले. मेणबत्तीचं ताट निशाणामागेच असतं, म्हणून सोजरबाई त्यांच्या मागे. मी दुभाषी म्हणून सोजरबाईंच्या शेजारी. बुद्धं सरणं आणि ढोल-ताशे सुरू झाले आणि आम्ही निघालो.

मारेक पहिल्यांदा फार छान चालला. पण ऊन चढत होतं आणि फुफाटा तापला होता. त्याची पावलं झपझप पडू लागली. शेवटी तो जवळजवळ पळत होता, निशाण सरळ, पाठ सरळ आणि तळपाय मात्र विस्तवावर. वस्तीच्या टोकाला रस्ता फुटतो. उजवीकडे विहार, उघड्या माळावर. डावीकडे स्टेशन आणि स्टेशनच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी लिंबाची गार सावली. मारेकने क्षणभरही विचार केला नाही, तो सावलीत शिरला.

सोजरबाई दोनदा खोकल्या. मारेकला ते कुठलं कळायला? त्या पुन्हा दोनदा खोकल्या. जमादारसाहेब त्या खुणेसरशी उजवीकडे वळू लागले, पण मागच्या लोकांचा लोंढा निशाणामागे डावीकडे वळला आणि त्यांना घेऊन गेला. गुरुजी मागून ओरडले, "साहेब, तिकडं नव्हं." मी रशियनमध्ये ओरडले. ढोल-ताशात दोन्ही भाषा बुडाल्या. पुढे धावून हात धरला असता तर काम झालं असतं, पण निशाणाच्या पुढे कोण जाणार? गुरुजींनी एक पाय उचलला आणि नियम आठवून मागे ठेवला. त्यामुळे सगळं गाव, हातांत मेणबत्त्या आणि फुलं घेऊन, अतिशय शिस्तीत चुडावा स्टेशनच्या फलाटावर चढलं.

पूर्णेकडून आलेली पॅसेंजर उभी होती. डब्यांतल्या लोकांनी हात जोडले. कुणी मंत्री बसलेत का, म्हणून दोघे-तिघे आपल्याच गाडीत वाकून बघू लागले. गार्डाने हातातली हिरवी झेंडी अदबीने पाठीमागे लपवली. मारेक चालतच होता. फलाट संपत आला आणि पुढे नुसती खडी आणि रूळ, नांदेडपर्यंत.

जमादारसाहेबांचं नाक वर गेलं. "कोळशाचा वास येयलाय," ते म्हणाले. "विहारात इंजिन कुटनं आलं?" मग त्यांचं त्यांनाच कळलं. ते ताठ झाले आणि फलाट हादरेल अशा आवाजात त्यांनी हुकूम सोडला.

"परेड, थम!"

मारेकला हिंदी येत नाही. पण त्याची टाच टाचेला जुळली आणि तो जागच्या जागी उभा राहिला. मागची रांग एकमेकांवर आदळली. इंजिनमधला ड्रायव्हरसुद्धा सावध उभा राहिला, असं करीमभाई अजून शपथेवर सांगतात.

मारेकने मागे वळून पाहिलं. गाडी, रूळ, गार्ड. त्याचा चेहरा कानापर्यंत पेटला. मग तो जमादारसाहेबांपुढे येऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "शब्दाचा शब्द सांगा. होरॉन्झीने निशाण सांभाळलं, पण वाट चुकवली. ज्याला वाट ठाऊक आहे त्याच्या हाती ते परत देतो." या खेपेला मी काही बदललं नाही.

जमादारसाहेबांचे हात पुढे आले. काठी नेमकी कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं. मारेकने काठी त्यांच्या तळहातावर टेकवली आणि त्यांची बोटं मिटेपर्यंत सोडली नाही.

"वाट चुकली तर चुकली," जमादारसाहेब म्हणाले, "निशाण खाली गेलं न्हाई. चला."

सोजरबाई खोकल्या. निशाण वळलं. फलाटावरून उतरलं, सावलीतून बाहेर पडलं, माळावर चढलं, एकदाही अडखळलं नाही. मारेक बाजूने चालत होता, तळपायांचं काय होत होतं त्यालाच ठाऊक. विहाराच्या पायरीशी लांब खोकला आला, जमादारसाहेबांनी पाय उचलला आणि निशाण जागेवर रोवलं.

भालेराव गुरुजी घाम पुसत म्हणाले, "पाळीचं राहू द्या सध्या. वाट ठाऊक असलेल्या माणसाच्या हातातच बरं हाय." त्यांनी नियमात एक दुरुस्तीही तिथेच करून टाकली, गाडी येत असेल तर निशाणाच्या पुढे जायला हरकत नाही.

दुपारी आम्ही निघालो. मारेकच्या तळपायांना सोजरबाईंनी लोणी चोळलं होतं आणि बूट त्याच्या मांडीवर होते. जीप अजून दारातच होती, तेव्हा त्याने खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची छोटी डबी काढून माझ्या हातात दिली.

"ही त्या बाईंना द्या. फार खोकला आहे त्यांना. उजवीकडे वळताना जरा जास्त येतो."

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर रस्त्याकडे बघत होता.

"आणि सांगा," तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत रोज एक घ्या. फक्त निशाण असेल त्या दिवशी घेऊ नका."

दिवाळी हा शब्द त्याला कुणी सांगितला, ते मी विचारलं नाही. करीमभाई मात्र आरशातून माझी नजर चुकवत होते.